संतत्वाचा पुरावा : देह, शब्द आणि एक फसवे साम्य

१

मराठीत आपण ‘संत ज्ञानेश्वर’ म्हणतो आणि ‘संत फ्रान्सिस झेवियर’ असेही म्हणतो. शब्द एकच असल्यामुळे त्यामागील संकल्पनाही एकच असावी, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. इंग्रजीतून मराठी परंपरेकडे पाहणाऱ्यांनी हेच गृहीत उलट दिशेने दृढ केले. जस्टिन अॅबट ह्यांच्या भाषांतरमालेत ज्ञानदेव-तुकारामादी कवी ‘सेंट’ झाले आणि महीपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२) ‘स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स’ ह्या नावाने १९३०च्या दशकात इंग्रजी वाचकांपुढे आला. तेव्हापासून ‘संत’ आणि ‘सेंट’ हे परस्परांचे स्वाभाविक पर्याय ठरले आहेत.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. ‘सेंट’ हा शब्द लॅटिन ‘सांक्तुस’पासून आला. त्याच्या मुळाशी एखादी गोष्ट विधीने वा नियमाने अनुल्लंघनीय ठरविण्याची क्रिया आहे. ‘संत’ हा शब्द संस्कृत ‘सत्’पासून, म्हणजे ‘अस्’ ह्या धातूपासून आला. जो आहे, जो खरा आहे, तो संत. पहिल्या शब्दात कोणीतरी कोणालातरी पवित्र ‘ठरविले’ आहे. दुसऱ्यात कोणीतरी तसा ‘आहे’. गोमंतकातील जेझुइटांच्या मराठी-कोंकणी लेखनात हे दोन शब्द एकमेकांच्या अगदी जवळ आलेले दिसतात. १६५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतोनियु द साल्दान्य ह्यांच्या ग्रंथाचे नाव ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’ असे आहे. हा ‘सांतु’ पोर्तुगीज ‘सांतो’चे देशी रूप होय. मराठी कानाला तो ‘संत’ शब्दाचाच सोयरा वाटणार, हे उघड आहे.

तथापि व्युत्पत्तीतून संकल्पनेचा निर्णय लागत नाही. शब्द आपले मूळ विसरतात आणि समाज त्यांना नवे अर्थ देतो. म्हणून प्रश्न निराळ्या रीतीने मांडावयास हवा. एखादी व्यक्ती संत आहे, हे समाज कशाच्या आधारे मान्य करतो? संतत्वाचा पुरावा कोणता मानला जातो, तो कोण तपासतो आणि कोणत्या प्रकारच्या संहितेत नोंदवतो? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रोमन कॅथलिक परंपरेत हा पुरावा प्रामुख्याने संताच्या मृत देहाभोवती गोळा होतो, तर वारकरी परंपरेत तो संताच्या शब्दाभोवती गोळा होतो. दोन्ही परंपरांतील संतचरित्रांचे वाङ्मयीन रूप ह्या भेदाने घडविले आहे. हा भेद दृष्टिआड केल्यास ती चरित्रे आपण चुकीच्या अपेक्षेने वाचतो.

२

ख्रिस्ती संतत्वाचा आरंभ मात्र देहापासून झालेला नाही. पौलाच्या पत्रांत रोम, करिंथ वा फिलिप्पै येथील सर्वच श्रद्धावंतांना ‘पवित्र जन’ असे संबोधिले आहे. तेथे पावित्र्य हे संपूर्ण मंडळीचे विशेषण आहे. ते मोजक्या व्यक्तींचे पद बनले ते रक्तसाक्ष्यामुळे. ‘मार्टिर’ ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच होता. दुसऱ्या शतकात ‘मरणाने साक्ष देणारा’ असा अर्थ त्याला प्राप्त झाला. स्मर्ना येथील बिशप पॉलिकार्प ह्याच्या हौतात्म्याचा वृत्तान्त तेथील मंडळीने पत्ररूपाने लिहिला. त्याच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून गोळा केल्याचे आणि त्याच्या मृत्युदिनी, म्हणजे त्याच्या खऱ्या ‘जन्मदिनी’, एकत्र येण्याचा मनोदय असल्याचे त्या पत्रात नमूद आहे. अस्थी, स्थान, तिथी आणि वृत्तान्त ही पुढील संतपूजेची चारही अंगे येथे बीजरूपाने उपस्थित आहेत.

३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला साम्राज्यात मान्यता मिळाली आणि हौतात्म्याची संधी विरळ झाली. तेव्हा रोजच्या तपाने देह झिजविणारा तपस्वी हुतात्म्याच्या जागी आला. अथानासियसने लिहिलेले अँटनीचे चरित्र आणि सुल्पिसियस सेव्हेरसने लिहिलेले तूरच्या मार्टिनचे चरित्र ह्या चौथ्या शतकातील दोन ग्रंथांनी ह्या नव्या संताचा साचा घडविला. पीटर ब्राउन ह्या इतिहासकाराने १९७१ मधील निबंधात ह्या तपस्व्याची सामाजिक भूमिका उलगडून दाखविली. गावातील तंटे मिटविणारा, बलवंतांपुढे दुर्बळांची बाजू मांडणारा, कोणत्याही गटाचा नसल्यामुळेच सर्वांना उपयोगी पडणारा असा हा माणूस होता. १९८१ मधील ‘द कल्ट ऑफ द सेंट्स’ ह्या ग्रंथात ब्राउन मृत संतांकडे वळतात. संताची कबर हे स्वर्ग आणि पृथ्वी ह्यांचे मीलनस्थान झाले आणि तिच्यावरील ताबा हा बिशपांच्या सत्तेचा आधार बनला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ह्या निष्कर्षाची साक्ष मिलान येथील ३८६ मधील घटनेत सापडते. बिशप अँब्रोज ह्याने नवे प्रार्थनामंदिर बांधले आणि ते हुतात्म्यांच्या अवशेषांनी पवित्र करावे, अशी लोकांची मागणी आली. राजदरबाराशी त्याचा धार्मिक संघर्ष चालू होता. अशा वेळी त्याला स्फूर्ती झाली आणि त्याने एका जागी खणावयास लावले. ऑगस्टीन ह्या स्फूर्तीला दृष्टान्त म्हणतो. स्वतः अँब्रोज बहिणीला लिहिलेल्या पत्रात अधिक सावधपणे बोलतो. गेर्वासियस आणि प्रोतासियस ह्या विस्मृत हुतात्म्यांच्या अस्थी सापडल्या, एका आंधळ्याला दृष्टी आली आणि त्या अस्थी वेदीखाली ठेवल्या गेल्या. ह्या दोघांनी काय म्हटले, काय शिकविले, ह्याविषयी कोणालाही काही ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. त्यांचे संतत्व सिद्ध करावयास अस्थी पुरेशा होत्या.

३

देहाकडून मिळणाऱ्या ह्या पुराव्याला कालांतराने न्यायालयीन रूप आले. आउग्सबुर्गचा बिशप उलरिख ह्याला ९९३ मध्ये पोपने संत घोषित केले. पोपने केलेली ही पहिली नोंदलेली घोषणा मानली जाते. तोवर स्थानिक लोकांची भक्ती आणि स्थानिक बिशपची संमती एवढे पुरे होते. १२३४ मधील नवव्या ग्रेगरीच्या धर्मनियमसंग्रहाने हा अधिकार पोपपुरता राखून ठेवला. १५८८ मध्ये त्यासाठी रोममध्ये स्वतंत्र खाते निघाले. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी ह्यांनी (पुढे ते चौदावे बेनेडिक्ट ह्या नावाने पोप झाले) ह्या प्रक्रियेवर बृहद् ग्रंथ लिहिला. उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी ‘सैतानाचा वकील’ ह्या नावाने लोकांना परिचित झाला. १९८३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल ह्यांनी त्याची भूमिका बरीच आकुंचित केली आणि प्रक्रिया सुटसुटीत केली. त्यांच्या कारकिर्दीत ४८२ जण संत घोषित झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्या कायदेशीर तपशिलाशी कर्तव्य आहे ते आंद्रे योलेस ह्यांच्यामुळे. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आइनफाखे फोर्मन’ (साधी रूपे) ह्या ग्रंथात संतकथा हे पहिले रूप म्हणून विवेचिले आहे. योलेस संतकथेचे स्वरूप थेट संतपदाच्या खटल्यावरून स्पष्ट करतात. खटल्यात माणसाच्या आयुष्याचे सद्गुण आणि चमत्कार अशा सुट्या घटकांत विभाजन होते. संतचरित्रही तेच करते. आयुष्याचा अखंड प्रवाह दाखविणे हा त्याचा हेतूच नसतो. सद्गुणाला मूर्त, अनुकरणयोग्य रूप देणे हे त्याचे कार्य होय. ह्या रूपामागील मनोवृत्तीला योलेस ‘इमितातियो’, म्हणजे अनुकरण, असे म्हणतात. बोलांडिस्ट पंथीय विद्वानांनी १६४३ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘आक्ता सांक्तोरुम’ ह्या प्रचंड संग्रहाची रचना संतांच्या जीवनकालानुसार नसून त्यांच्या सणाच्या तिथीनुसार आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. संत इतिहासात राहत नाही, तो पंचांगात राहतो.

ह्या खटल्यात संताच्या शब्दाचे स्थान काय? उमेदवाराचे लेखन तपासले जाते, पण ते त्यात धर्मसिद्धान्ताविरुद्ध काही नाही ना, एवढे पाहण्यासाठी. निर्णायक पुरावा मृत्यूनंतरच्या मध्यस्थीने घडलेल्या चमत्काराचा असतो. शब्द हा संभाव्य आक्षेप आहे, देह हे प्रमाण आहे. अव्हिलाची तेरेसा हे ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तिच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले; फ्राय लुईस द लेओन ह्यांच्या संपादनाने १५८८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, ते छापले गेले. तिचा देह मात्र अविकृत म्हणून पूजिला गेला आणि त्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी गेले. १६२२ मध्ये ती संत झाली. ‘चर्चची आचार्य’ हे शिकवणुकीचा गौरव करणारे पद तिला मिळाले ते १९७० मध्ये. देहाच्या मान्यतेपासून शब्दाच्या मान्यतेपर्यंत ३४८ वर्षे लागली.

त्याच दिवशी, १२ मार्च १६२२ रोजी, फ्रान्सिस झेवियर ह्यांनाही संतपद मिळाले. त्यांचा देह १५५४ मध्ये गोव्यात आला होता. असंख्यांना बाप्तिस्मा देणारा त्यांचा उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेण्यात आला. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत असलेल्या त्यांच्या अवशेषांचे दर्शन दशकातून एकदा घडविले जाते. अलीकडचे दर्शन २०२४-२५ मध्ये झाले. दर्शनाला येणारा भाविक झेवियरांची पत्रे वाचून आलेला नसतो, आणि त्यामुळे त्याच्या भक्तीत काही उणे पडत नाही.

४

आता अँब्रोजच्या कथेशेजारी एकनाथांची कथा ठेवून पाहावी. दोन्ही कथांत एक कबर अथवा समाधी आहे, एक दृष्टान्त आहे आणि भूमीखालून येणारी एक हाक आहे. आळंदी येथे १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली. सुमारे तीन शतकांनी अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितले आणि एकनाथ आळंदीला गेले, असे परंपरा सांगते. मिलानमध्ये अशा हाकेतून अस्थी बाहेर आल्या. आळंदीत अस्थी बाहेर आल्या नाहीत. बाहेर आली ती संहिता. पाठभेदांनी दूषित झालेल्या ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण एकनाथांनी १५८४ मध्ये पूर्ण केले आणि तिच्यात कोणी नवी ओवी घालू नये असा निर्बंध घातला. वेदीखाली अस्थी सुरक्षित करणे आणि ओव्यांची संख्या सुरक्षित करणे ही दोन परंपरांतील समकक्ष कृत्ये आहेत. कंठाला लागलेली मुळी हे रूपकही अर्थपूर्ण आहे. पीडा कंठाला आहे, म्हणजे जेथून शब्द निघतो त्या जागेला आहे.

तुकारामांच्या चरित्रात हे सूत्र टोकाला गेले आहे. वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर येतात. हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती चमत्कार आहे, आणि तो कोणाच्या रोगनिवारणाचा नाही. त्यातून सिद्ध होते ती कवितेची अभंगता. उलट १६५० च्या सुमारास देह दिसेनासा होतो. सदेह वैकुंठगमनाची कथा आपण कोणत्याही दृष्टीने वाचली, तरी तिचा एक परिणाम निर्विवाद आहे : देहूला तुकारामांचा देह नाही. वह्या परत येतात आणि देह परत येत नाही. कॅथलिक संतकथेचा साचा येथे नेमका उलटा झाला आहे. पालखीतून पंढरीला जातात त्या पादुका, आणि त्यांच्यापुढे चालतो तो अभंगांचा घोष.

हा शब्दही निव्वळ ग्रंथस्थ नाही. ख्रिश्चन ली नोवेट्झकी ह्यांनी २००८ मधील नामदेवविषयक ग्रंथात दाखविल्याप्रमाणे ह्या परंपरेची स्मृती प्रामुख्याने कीर्तनातून वाहत आली आणि कीर्तनकारांची बाडे ही त्या प्रयोगाची साधने होती. रोमची स्मृती दफ्तरात आहे, वारकऱ्यांची स्मृती मुखात आहे. म्हणून आपल्याकडे संतपदाचा खटला चालला नाही. कीर्तनात ज्याचा अभंग उभा राहतो, तो संत.

५

ह्या मांडणीवर दोन गंभीर आक्षेप घेता येतील.

पहिला आक्षेप असा की, ख्रिस्ती परंपरेतही स्वतः बोलणारे संत आहेत. २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेतुआचा तुरुंगातील वृत्तान्त तिच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध आहे. हे खरे आहे. परंतु तो आपल्या हाती येतो तो एका अनाम संपादकाच्या प्रस्तावनेत आणि उपसंहारात बंदिस्त होऊन. तिचे स्वगत मृत्यूच्या आदल्या दिवशी थांबते आणि ज्या मृत्यूने ती संत ठरणार आहे, तो दुसऱ्याने लिहिलेला आहे. येथे शब्दाला स्थान आहे, पण शिक्कामोर्तब देहाच्या अंताने होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो चोखामेळ्यांच्या चरित्रातून येतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते कोसळून चोखामेळा आणि अन्य महार मजूर गाडले गेले. परंपरेनुसार हे १३३८ मध्ये घडले. नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. अस्थींचा शोध, ओळख, स्थलांतर आणि प्रतिष्ठापना असा कॅथलिक अवशेषकथेचा संपूर्ण क्रम येथे आहे. मग देह आणि शब्द हा भेद टिकतो काय? तो टिकतो, आणि अधिक सूक्ष्म होतो. अनेकांच्या अस्थींतून चोख्याच्या अस्थी ओळखल्या गेल्या, त्या त्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता म्हणून. अस्थींची ओळखही शब्दाने पटविली गेली आहे.

पण ह्या कथेतील खरा पेच ह्यापुढे सुरू होतो. शब्दाला जे मिळाले ते देहाला मिळाले नाही. चोख्याचे अभंग कीर्तनात गायले जात राहिले. चोख्याचा देह जिवंतपणी आणि मृत्यूनंतरही पायरीबाहेरच राहिला. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. मधल्या सहा शतकांत शब्द स्पृश्य आणि देह अस्पृश्य अशी विभागणी कोणालाही फारशी टोचली नाही. शब्द हाच पुरावा मानणाऱ्या परंपरेची उदारता आणि तिची सोय दोन्ही ह्या ठिकाणी एकदम दिसतात. शिवाय शब्दही मध्यस्थांवाचून आलेला नाही. चोख्याचे अभंग लिहून घेणारा म्हणून परंपरा अनंतभट्टाचे नाव सांगते. पर्पेतुआच्या अनाम संपादकासारखाच हाही एक उंबरठा आहे, आणि तो ओलांडूनच शब्द गाथेत येऊ शकला.

६

योलेस ह्यांनी अनुकरण हे संतकथेचे प्रयोजन मानले. परंतु संत घोषित करणे हाच त्याचे अनुकरण टाळण्याचा मार्गही होऊ शकतो. हे आपल्याकडे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर आक्षेप घेताना गांधीजींनी ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य आदी संतांकडे बोट दाखविले. आंबेडकरांच्या उत्तराचा गाभा असा : संतांनी देव आणि माणूस ह्यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसांतील नात्याचा केला नाही, आणि संताने जात मोडली तरी सामान्यांनी ती मोडू नये, हीच शिकवण समाजात रुजली. त्यामुळे संत पूज्य राहिला, उदाहरण झाला नाही. संतकथेच्या रूपावर मराठी मुलखातून झालेले हे सर्वांत मर्मग्राही भाष्य आहे. त्याचा विचार केवळ सामाजिक वादाचा भाग म्हणून करणे अपुरे आहे. त्याच आंबेडकरांनी १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्यांच्या स्मृतीला अर्पण केला. संत ह्या पदाची चिकित्सा आणि संत ह्या माणसांचा आदर ह्यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

कॅथलिक जगातही ह्याच पेचाचे उदाहरण आढळते. सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो ह्यांची २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना हत्या झाली. गोरगरिबांनी त्यांना तत्काळ संत मानले. रोमला मात्र अडतीस वर्षे लागली. २०१८ मध्ये त्यांना संतपद मिळाले. विलंबाची कारणे दोन होती : त्यांच्या प्रवचनांची सैद्धान्तिक तपासणी, आणि त्यांची हत्या श्रद्धेच्या द्वेषातून झाली की राजकारणातून, हा वाद. देहाचा पुरावा वेदीपाशीच पडला होता. अडचण होती ती शब्दाची. दडपशाही थांबवावी असे सैनिकांना जाहीरपणे बजावणारा शब्द पूज्य करणे म्हणजे त्याचे अनुकरण करण्याची परवानगी देणे होय. गोमंतकीय जोसेफ वाझ ह्यांच्या बाबतीत अशी अडचण नव्हती. त्यांना २०१५ मध्ये संतपद देताना दुसऱ्या चमत्काराची अटही शिथिल करण्यात आली.

म्हणजे देहाला प्रमाण मानणारी परंपरा शब्दाला भिते, आणि शब्दाला प्रमाण मानणारी परंपरा देहाला उंबरठ्यावर थांबविते. दोहोंची उणीव परस्परांच्या प्रकाशात दिसते, आणि तौलनिक अभ्यासाचे प्रयोजनही हेच आहे. ‘संत’ आणि ‘सेंट’ हे पर्याय मानून चालल्यास ही संधी आपण गमावतो.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने ह्यातून एक निकड निर्माण होते. ‘संतसाहित्य’ ह्या संज्ञेत संतत्वाने साहित्य प्रमाणित केले आहे, आणि साहित्याने संतत्व. ह्या वर्तुळात शिरणारा वाचक अभंग वाचण्यापूर्वीच नमस्कार करून मोकळा होतो. गं. बा. सरदारांनी १९५० मध्ये संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीचा प्रश्न उपस्थित करून हे वर्तुळ एका जागी भेदले. पुढचे काम रूपाच्या अंगाने करावयाचे आहे. महीपतीचे चरित्रग्रंथ ऐतिहासिक माहितीचे सदोष साधन म्हणून किंवा निखळ भक्तिपर रचना म्हणून वाचणे पुरेसे नाही. पुरावा कोणता निवडला, कोणता गाळला, कोणाच्या शब्दाला मंदिरात जागा दिली आणि कोणाच्या देहाला दिली नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या रचनेतच आहेत. नामदेव पायरीसमोरची चोखोबांची समाधी हीदेखील अशीच वाचावयाची एक संहिता आहे.